माहेर की सासर? मराठी कवितेतल्या शांत मरणाचा आढावा

खर्ड्याचे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते एका लढाईमुळे. ११ मार्च १७९५ रोजी या माळावर मराठे आणि निजाम समोरासमोर आले. निजामअलीने निंबाळकरांनी बांधलेल्या इथल्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि अखेर तह झाला. ज्यांच्या नावाने ही लढाई जिंकली ते सवाई माधवराव पेशवे त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पुण्यात वारले. शनिवारवाड्यात वरून पडण्याचे निमित्त झाले. संगमनेरच्या अनंत फंदींनी खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला. पोवाड्यातले मरण डफाच्या थापेवर येते. त्यात रक्त असते, नाव असते आणि कोण कसा पडला याचा हिशेब असतो.

खर्डा ज्यात येतो त्या जामखेड तालुक्यात आज एखाद्या घरी दहाव्याचे कीर्तन किंवा प्रवचन असते, तेव्हा महाराज जे मरण सांगतात ते अगदी वेगळे असते. गेलेला माणूस आपल्या घरी परतला, आईच्या कुशीत झोपला, पाहुणा होता तो निघाला. ऐकणारे डोळे पुसतात, मान हलवतात आणि थोडे सावरतात. एकाच मातीत मरणाच्या या दोन भाषा नांदतात. पहिलीचा अभ्यास इतिहासाच्या अंगाने बराच झाला आहे. दुसरीबद्दल मात्र वाचकांत आणि समीक्षकांत जुना वाद आहे. मरणाला माणसाचे रूप देऊन किंवा त्याच्याभोवती सौम्य चित्रे उभी करून कवी जी शांतता आणतो, ती माणसाला खरोखर धीर देते की जे घडले त्यावर पांघरूण घालते? हा वाद आज कुठे उभा आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

यम, मृत्युदेवी आणि वीरगळ

मरणाला असे माणसाचे रूप देणे शाळेत आपण चेतनगुणोक्ती म्हणून शिकतो. निर्जीव किंवा अमूर्त गोष्ट माणसासारखी वागू लागली की हा अलंकार होतो. मरणाच्या बाबतीत आपल्याकडे हा अलंकार कवींनी शोधून काढलेला नाही. तो त्यांना वारशाने मिळाला. रेड्यावर बसलेला, हातात पाश घेतलेला यम सर्वांना माहीत आहे. पण जुन्या ग्रंथांतला यम निव्वळ भयानक नाही. कठोपनिषदात नचिकेत त्याच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो, तेव्हा अतिथीचा मान राहिला नाही म्हणून यमच खजील होतो आणि तीन वर देतो. वटपौर्णिमेच्या कथेतला यम सावित्रीशी बोलत बोलत चालतो, तिच्या बोलण्याने प्रसन्न होतो आणि शेवटी हरतो. ज्याच्याशी बोलता येते त्याची भीती अर्धी कमी झालेली असते. पुढच्या कवितेला ही पहिली शिदोरी मिळाली.

दुसरी शिदोरी फारशी कोणाच्या ध्यानात नसते. महाभारताच्या द्रोणपर्वात आणि पुन्हा शांतिपर्वात मृत्यूची कथा येते. तिथे मृत्यू ही स्त्री आहे. प्रजा वाढून पृथ्वीला भार झाला म्हणून ब्रह्मदेवाने तिला निर्माण केले आणि प्राण्यांचे प्राण हरण्याचे काम सांगितले. ती नाही म्हणाली, रडली, तप करायला निघून गेली. हे पाप माझ्याच्याने होणार नाही, असे तिचे म्हणणे होते. तिचे अश्रू ब्रह्मदेवाने ओंजळीत धरले आणि त्या अश्रूंचेच रोग झाले. माणसे रोगांनी मरतील, तुला दोष लागणार नाही, असे त्याने तिला समजावले. मरणाला माणूस करायचे तर ते मारायलाच कचरणारी, रडणारी बाई करावी, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याच्या करुणेला सीमा नव्हती. मोरोपंतांनी सगळे महाभारत आर्यांत आणले. असे असूनही मराठीत घराघरांत रुजला तो रेड्यावरचा यम. ही रडणारी मृत्युदेवी पोथीतच राहिली.

तिसरी शिदोरी दगडात आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या वेशीपाशी, देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत पडलेला वीर किंवा चाललेली झुंज, तिच्यावर दोन्ही बाजूंनी हात धरून त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. लढाईतले मरण जितके हिंसक, तितकी वरची चौकट निश्चल. पोवाड्याची भाषा आणि कीर्तनाची भाषा एकाच दगडावर, एकीवर एक, कोरलेली आहे. शांत मरणाच्या प्रतिमेवर घेतला जाणारा आक्षेप आणि तिचे समर्थन, दोन्ही या दगडापाशी सुरू होतात. खालची चौकट पुसून टाकली असती तर तो दगड खोटा ठरला असता.

संतांचे 'आपले गाव'

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगून झाली. जुने वस्त्र टाकून नवे नेसावे तसा देह बदलतो, ही गीतेतली उपमा तिथे मराठीत आली आणि गावोगावच्या प्रवचनांत आजही तीच पहिल्यांदा येते. सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावरचे नामदेवांच्या नावाचे अभंग हा या विषयातला पहिला मोठा ठेवा आहे. नामदेवांच्या गाथेतले सगळे अभंग एकाच नामदेवांचे आहेत का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण अभंग मराठीच्या स्मरणात पक्के आहेत.

त्यांत एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जाणारे ज्ञानदेव शांत आहेत. त्यांच्याभोवतीची चित्रे सोहळ्याची आहेत: आसन, पाने, फुले, संतांचा मेळा. मागे राहणाऱ्यांच्या दुःखासाठी मात्र कवी शेताकडे वळतो. भरलेल्या तळ्याचा बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडे धावते, गवताच्या पेंढीचा बंध सुटून काडी न् काडी रानभर होते. शांतता जाणाऱ्याच्या वाट्याला आणि उधळण राहणाऱ्यांच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते मराठीतल्या शांत मरणाच्या कवितेचा कणा इथेच तयार झाला. पुढे ज्या कवींनी ही वाटणी पाळली त्यांची कविता टिकली. ज्यांनी राहणाऱ्यालाही जबरदस्तीने शांत केले त्यांची कविता उपदेश होऊन बसली.

तुकोबांकडे आल्यावर प्रतिमा आणखी घरगुती होते. निरोपाच्या अभंगात मरण म्हणजे दुसऱ्याच्या गावी राहून आलेल्या माणसाचे आपल्या गावी परतणे. जाणारा सगळ्यांना शेवटचा रामराम करतो. वारकरी घरांत अंत्ययात्रेला टाळ-मृदंग असतो, तेव्हा हा अभंग हमखास म्हटला जातो. पंढरपूर हे माहेर, विठ्ठल ही माउली, आणि जीव ही सासरी नांदणारी लेक, ही वारकऱ्यांची मांडणी त्याच्या मुळाशी आहे. लेकीला माहेरी जायला भीती कसली?

दुसऱ्या एका अभंगात तुकोबा स्वतःचे मरण स्वतः पाहिल्याचे सांगतात आणि ते पाहणे त्यांना सणासारखे वाटते. हे देहाचे मरण नव्हे, 'मी'पणाचे मरण आहे, असा अर्थ सांप्रदायिक निरूपणकार पूर्वीपासून लावत आले आहेत. या वादात ही बाजू नीट समजून घ्यायला हवी. ती म्हणते, संतांची शांतता कवितेच्या अलंकारातून आलेली नाही, साधनेतून आली आहे. प्रतिमा नुसती खूण आहे. म्हणून संतांचा अभंग आणि आधुनिक कवीची मरणावरची भावकविता एका मापाने मोजू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. पण दहाव्याला बसलेल्या माणसापुढे साधना नसते, प्रतिमाच असते. त्याचे काम तेवढ्यावरच भागते आणि त्याला तेवढा आधार मिळतो, हेही तितकेच खरे.

ओवीतली सवाष्ण

जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी मरणाचे जे चित्र काढले ते अभ्यासकांच्या नजरेत उशिरा आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यांत अहेवपणी येणाऱ्या मरणाच्या ओव्या पुष्कळ आहेत. कपाळभर कुंकू, हिरवी चोळी, भावाने आणलेली माहेरची साडी, आणि तिरडीचे वर्णन पालखीसारखे. बाई मेली आहे की लग्नाला निघाली आहे, हे क्षणभर कळू नये अशी सजावट.

या ओव्यांबद्दल दोन वाचने आहेत आणि दोन्ही मला वजनदार वाटतात. एक म्हणते, आयुष्यभर राबलेल्या बाईने स्वतःच्या शेवटावर तरी सौंदर्याचा हक्क सांगितला. तिच्या मरणात तरी ती मध्यभागी आहे, भाऊ धावत येतो, गाव पाहते. दुसरे म्हणते, या सगळ्या सजावटीखाली वैधव्याची भीती आहे. नवऱ्यामागे जगण्याचे हाल डोळ्यांसमोर असलेली बाई आधी मरणे पसंत करते आणि त्या पसंतीला गोड रूप देते. म्हणजे ओवीतली शांतता मरणाची नाही, टळलेल्या वैधव्याची आहे. ओव्या गाणाऱ्या बायकांनीच विधवेच्या जिण्याच्या ओव्याही गायल्या आहेत. त्या शेजारी ठेवल्या तर दुसरे वाचन डावलता येत नाही. पण म्हणून पहिले खोटे ठरत नाही.

नववधू, आई आणि राजहंस

भा. रा. तांबे यांनी या विषयाला आधुनिक मराठीत जागा मिळवून दिली. ग्वाल्हेर-देवासच्या संस्थानी वातावरणात राहिलेल्या तांब्यांचे १९४१ साली निधन झाले. मरणावर इतक्या प्रेमाने आणि इतक्या वेळा लिहिणारा दुसरा कवी मराठीत सापडणार नाही. त्यांच्या 'नववधू' कवितेत प्रियकराकडे निघालेली, पाऊल पुढे टाकताना बावरणारी वधू आहे. वरवर ही लग्नाची कविता आहे. पण जीव ही वधू आणि मरण किंवा मरणापलीकडचा परमेश्वर हा वर, असा अर्थ वाचकांनी फार आधीपासून घेतला. काही समीक्षकांना हा अर्थ बाहेरून लादलेला वाटतो. कविता निव्वळ नवपरिणितेच्या संकोचाची म्हणून पुरेशी सुंदर आहे, असे ते म्हणतात. मला मरणाचा अर्थ कवितेतल्या थरकापामुळे पटतो. लग्नाच्या लाजेला इतका थरकाप लागत नाही.

तांब्यांच्याच शुक्रताऱ्याच्या कवितेत मरण वर नाही, आई आहे. हात पसरून, छातीशी धरायला वाट पाहत उभी. त्याच कवितेत फूल गळून फळ पिकण्याची आणि तेल जळून ज्योत उजळण्याची चित्रे येतात. आता हे एकत्र पाहा. वारकऱ्यांसाठी मरण म्हणजे सासरहून माहेरी जाणे. तांब्यांच्या एका कवितेत ते माहेरहून सासरी जाणे आहे आणि दुसऱ्यात पुन्हा आईकडे परतणे. ओवीतली बाई तर सासरच्या अंगणातून माहेरची साडी नेसून निघते. मराठी कवी मरणाला माणूस करतो तेव्हा तो राजा, न्यायाधीश किंवा शिपाई क्वचितच करतो. तो त्याला नात्यात बसवतो आणि ते नाते बहुतेक वेळा मुलीच्या आयुष्यातल्या दोन घरांमधले असते. कारण आपल्या समाजात सगळे सोडून अनोळखी ठिकाणी जाण्याचा अनुभव मुलीइतका दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. भीती आणि उत्सव एकाच दिवशी येतात, हे लग्नघरातच दिसते.

हे चित्र आपल्याकडेच आहे असे नाही. रवींद्रनाथांनी १८८४च्या 'भानुसिंह ठाकुरेर पदावली'त राधेच्या तोंडून मरणाला श्याम म्हटले. अमेरिकेत एमिली डिकिन्सनने मरणाला घोडागाडी घेऊन दाराशी थांबणारा सभ्य गृहस्थ केले. ती १८८६ साली वारली आणि ही कविता १८९० साली छापली गेली. डिकिन्सनच्या गाडीत बसणारी बाई एकटी आहे. तांब्यांच्या वधूमागे अख्खे घर उभे आहे, आणि त्यामुळे निरोपाचा भार वाढतो.

तांब्यांच्या समकालीनांना मात्र मरणाने झपाट्याने ओढून नेले. बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, जेमतेम अठ्ठाविशीत. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत. टिळकांचे बरेच आयुष्य नगरला गेले आणि तरुण ठोंबरे काही काळ त्यांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ते घर मराठी वाचकाला आपले वाटते. बालकवींची आठ ओळींची 'औदुंबर' या वादात पुन्हा पुन्हा येते. गाव, झरा, कुरणे यांतून निघालेली वाट शेवटी अंधारलेल्या पाण्याशी पोचते आणि तिथे झाड एखाद्या निवांत म्हाताऱ्यासारखे बसलेले आहे. कोणाला यात मरणाचे चिंतन दिसते, कोणाला विरक्त योगी, कोणाला फक्त रंगांचे चित्र. कवितेत मरणाचा उल्लेखही नाही, म्हणून हा वाद मिटत नाही. आणि तो मिटावा असे मला वाटतही नाही.

गडकऱ्यांची 'राजहंस माझा निजला' या सगळ्यांत वेगळी पडते. बाळ गेले आहे आणि मांडीवर त्याला घेऊन बसलेली आई म्हणते की ते झोपले आहे, गडबड करू नका. मरण म्हणजे झोप, ही जगातली सगळ्यात जुनी शांत प्रतिमा. गडकऱ्यांनी ती अशा तोंडी घातली की वाचणाऱ्याची शांतता उडते. नगरला जन्मलेल्या कवी दत्तांनी (दत्तात्रय कोंडो घाटे, १८७५ ते १८९९) गरीब आईच्या तोंडचे अंगाईगीत लिहिले होते. ती अंगाई आणि गडकऱ्यांची ही कविता लागोपाठ वाचावी. शब्दांचा लडिवाळपणा तोच आहे, पण दुसऱ्या कवितेत तो ऐकणारे बाळ नाही. ज्या काळात घरटी एखादे मूल जाणे नवे नव्हते त्या काळची ही कविता आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हाही बालमृत्यू कमी करणे हे त्यांच्या मुख्य कामांपैकी एक होते. म्हणजे आमच्या भागातल्या कित्येक आज्यांनी ही कविता वाचली नसेल, पण जगली आहे.

मरणाला माणूस न करता

विसाव्या शतकात एक निराळी वाट निघाली. मरणाला रूप देण्याची गरजच या कवींना वाटली नाही. बहिणाबाई चौधरींनी जगणे आणि मरणे यांतले अंतर एका श्वासाएवढे सांगितले आणि विषय संपवला. त्यांची गाणी त्या गेल्यावर, १९५२ साली, त्यांचा मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे लोकांपुढे आली. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली वारले. इंदिराबाईंच्या कवितेत मरण समोर येत नाही. येतो तो पाऊस, येते संध्याकाळ, आणि त्यांतून गेलेल्या माणसाची जागा जाणवत राहते. ही शांतता नाही, ही संयमाने धरून ठेवलेली व्यथा आहे. तिला 'शांत मरणाची कविता' म्हणावे का, हे मी वाचकावर सोडतो.

या वाटेवर मला सगळ्यात वर ठेवावीशी वाटते ती गोव्याच्या बा. भ. बोरकरांची 'संधिप्रकाशात'. कवी आपल्या शेवटाची मागणी मांडतो. संध्याकाळचे सोने आकाशात अजून शिल्लक असताना डोळे मिटावेत. तगमग होऊ नये. जवळ सखी असावी, स्वप्नात असावी इतकी हलकी. तिने आपल्या घरचे तुळशीचे पान आणावे आणि स्वतः ओढलेले पाणी तोंडात घालावे. आपल्याकडे घरोघरी देवघरात गंगाजलाचा सीलबंद गडू या घटकेसाठी जपून ठेवलेला असतो. बोरकरांना तो नको आहे. बायकोच्या हाताने ओढलेल्या पाण्यापुढे त्यांना दुसरे तीर्थ मोठे वाटत नाही. मग तिच्याकडून निरोपाचे एक फूल, सुकलेल्या ओठांवर. इथे यम नाही, वर नाही, आईही नाही. मरणाला माणूस करण्याऐवजी कवीने जिवंत, जवळच्या माणसालाच त्या घटकेला उभे केले. तुळस आणि पाणी हा विधी प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. त्यातला देव बाजूला न सारता बोरकरांनी त्यात नवरा-बायकोचे प्रेम आणून बसवले.

सुरेश भटांच्या गझलेत शांतता आणखी वेगळ्या मार्गाने येते. चितेवर पोचलेला माणूस मागे वळून हिशेब मांडतो आणि आपला जाच नेमका कोणी केला, हे त्याला तेव्हा कळते. मरण तिथे सोडवणारे आहे. पण ही शांतता जगण्यावरच्या आरोपावर उभी आहे, आणि त्यामुळे ती कीर्तनात सहसा घेतली जात नाही. मैफलीत घेतली जाते.

आक्षेप

चाळीसच्या दशकात बा. सी. मर्ढेकरांनी पिंपातले मेलेले उंदीर कवितेत आणले आणि मरणाच्या सौम्य चित्रांच्या परंपरेला एका फटक्यात छेद दिला. शहरातले, गर्दीतले, नाव नसलेले मरण. १९७२ साली आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने पुढचा प्रश्न विचारला: ज्यांना माणसासारखे जगू दिले नाही त्यांच्या मरणाला फुलांची भाषा कशी लावता? दलित कवितेतून आणि तिच्या समीक्षेतून हा आक्षेप तेव्हापासून सातत्याने आला आहे. मरण आजाराने येते तसे भुकेने येते, मारहाणीने येते, कर्जाने येते. त्याला 'परतणे' किंवा 'निजणे' म्हटले की कारण नाहीसे होते, जबाबदार माणूस नाहीसा होतो.

या आक्षेपाची कसोटी चोखोबांच्या मरणावर लागते. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गेले. संत नामदेव ढिगाऱ्यापाशी गेले, प्रत्येक हाड कानाशी नेले, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपुरात महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. हाडे बोलतात, ही चेतनगुणोक्ती मराठी परंपरेतली सगळ्यात थरारक म्हणावी लागेल. वारकरी भाविकाला यात भक्तीचा विजय दिसतो: शरीर चिरडले तरी नाम चिरडले नाही. आक्षेप घेणारा विचारतो, ती भिंत बांधायला चोखोबांना कोणी लावले, आणि मेल्यावर तरी ते महाद्वाराच्या बाहेरच का राहिले? दोघेही एकाच कथेवर बोट ठेवतात आणि दोघांचेही बोट नेमक्या जागी आहे.

मला या वादात एक कसोटी उपयोगी वाटते. शांत मरणाची जी मराठी कविता आक्षेपापुढे टिकते ती बहुतेक 'माझ्या' मरणाची आहे: तुकोबांचा निरोप, तांब्यांची वधू, बोरकरांची मागणी. स्वतःचे मरण कसे यावे किंवा ते कसे दिसते, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कवी 'त्याच्या' मरणाकडे वळतो तेव्हा त्याला हा हक्क उरत नाही, आणि चांगल्या कवीला ते कळते. नामदेवांनी ज्ञानदेवांना शांत ठेवले पण स्वतःला फुटलेल्या तळ्याची प्रतिमा घेतली. गडकऱ्यांनी झोपेची प्रतिमा घेतली पण आईला शांत होऊ दिले नाही. ढसाळांचा राग मुळात दुसऱ्याच्या मरणावर परस्पर शांततेचा शिक्का मारणाऱ्यांवर आहे. चोखोबांच्या कथेत मात्र ही कसोटीही अपुरी पडते. तिथे मेलेल्याची हाडेच बोलतात, मग ते 'माझे' मरण की 'त्याचे'?

जे सुटलेले नाही

तीन गोष्टी अजून उघड्या आहेत. पहिली चालीची. तांब्यांच्या अनेक कविता महाराष्ट्राने वाचल्या कमी आणि लता मंगेशकरांच्या आवाजात ऐकल्या जास्त. वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींनी त्या घरोघरी नेल्या. लोकांच्या मनात बसलेली शांतता शब्दांची किती आणि सुरांची किती, हे कोणी नीट तपासलेले माझ्या पाहण्यात नाही. कागदावर 'नववधू' वाचताना जाणवणारी भीती गाणे ऐकताना मऊ होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट २०२० आणि २०२१ची. करोनात हजारो माणसे दवाखान्यात एकटी गेली. तुळस नाही, पाणी नाही, जवळ कोणी नाही. पुष्कळांना तिरडी आणि खांदासुद्धा मिळाला नाही. बोरकरांच्या कवितेतली प्रत्येक वस्तू त्या मरणांतून काढून घेतली गेली. त्यानंतर पुष्कळ कविता लिहिल्या गेल्या, पण त्या मरणाला पेलणारी प्रतिमा मराठीला अजून सापडलेली दिसत नाही. जुन्या प्रतिमा तशाच वापरल्या तर त्या खोट्या वाटतात.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या आत्महत्येची. कोरडवाहू जामखेड-कर्जत पट्ट्यात, शेजारच्या बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत तिच्यावर कविता लिहिणारे तरुण आहेत. त्यांच्यासमोर पेच आहे. गेलेल्याला थोडी शांतता द्यावी असे मन सांगते, आणि शांतता दिली तर कर्ज, पाऊस आणि बाजारभाव यांना सुटका मिळते. काहींनी कवितेतून आई-बायकोचे बोल देऊन वाट काढली आहे, पुन्हा राहणाऱ्यांच्या तोंडून. हा रस्ता नामदेवांपर्यंत मागे जातो, आणि म्हणून मला तो भरवशाचा वाटतो.

या सगळ्या वादात एक मोठी उणीव आहे, ती नोंदींची. छापील कवींवर पुष्कळ लिहिले गेले. नगरच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत दहाव्याला, तेराव्याला, पुण्यतिथीला जे प्रत्यक्ष म्हटले जाते त्याची नोंद फार थोडी आहे. खर्डा, जामखेड, कर्जत, पाथर्डी इथल्या भजनी मंडळांच्या हाताने लिहिलेल्या वह्यांत आणि जात्यावर दळण दळलेल्या आज्यांच्या तोंडी ते आहे. तुमच्या घरी अशी वही असेल तर तिची झेरॉक्स काढून ठेवा. आजी अहेव मरणाची ओवी म्हणत असेल तर ती मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि गाणारीचे नाव, गाव, तारीख सोबत लिहायला विसरू नका.